टाचेकडे सरकलेला ठसा

रोपवेचा आवाज बंद झाला त्या दिवशी वरच्या वस्तीतले लोक खूश झाले. धाकटीला मात्र ते खटकलं.

संध्याकाळी कारखान्यातून सुटून ती नेहमीप्रमाणे खालच्या स्थानकात पाळण्यात बसली होती. रोपवेच्या डब्यांना सगळेजण पाळणेच म्हणत. नदी मागं पडली, बाजाराची छपरं पायाखालून गेली, डोंगराची उभी भिंत समोर आली आणि पाळणा वरच्या स्थानकात शिरला. दार उघडलं, बाकीचे उतरून चालू लागले, तरी ती तिथंच थबकली. गेले काही महिने इथं उतरलं की कानात शिरायचा तो बारीक, लांबट सूर आज नव्हता. दोर सरकत होता, मोठं चाक फिरत होतं, आणि यंत्रखोली मूग गिळून बसली होती.

स्थानकाच्या मागंच, उताराच्या कडेला, कर्मचाऱ्यांची घरं होती. पहिल्या घरात धाकटी, तिचा नवरा, सासूबाई आणि मोठे दीर राहत. दिरांना सगळी वस्ती दादा म्हणायची. ते रोपवेचे प्रमुख. नवरा त्यांच्याच हाताखाली ऑपरेटर. थोरली जाऊ वारून बरीच वर्षं झाली होती, दादांनी पुन्हा लग्नाचं नाव काढलं नव्हतं, त्यामुळे घरात सून ती एकटीच. तरी 'धाकटी' हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मेलं कोकलायचं थांबलं एकदाचं, म्हणाल्या, आज दुपारी डोळ्याला डोळा लागला. शेजारच्या घरातला शिंपी, बायको गेल्यापासून एकटाच राहणारा आणि शिवता शिवता सगळ्या वस्तीची टर उडवणारा, खिडकीतून डोकावला. "इतके दिवस मी समजत होतो माझं मशीन ओरडतं," तो म्हणाला. "तीन वेळा तेल पाजलं बिचाऱ्याला. आज कळलं, गरीब मुकंच आहे." सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. धाकटीही हसली, पण तिचे डोळे यंत्रखोलीच्या भिंतीवर होते.

आवाज आपोआप जात नसतो, हे तिला तिच्या पोटापाण्याच्या धंद्यानं शिकवलं होतं. खोऱ्यातल्या गिअरच्या कारखान्यात ती तपासणी विभागाची इंजिनिअर होती. तिच्याकडे यायच्या त्या वाकड्या दातांच्या जोड्या: एक लहान पिनियन, एक मोठं क्राउन. सरळ दात एकदम अंगावर येतात, आदळतात. हे दात चंद्रकोरीसारखे वाकवलेले. पहिला सुटायच्या आत दुसऱ्यानं धरलेलं असतं, म्हणून चाल मऊ. पण या जोडीचं नवराबायकोसारखं आहे. एकत्रच घासून तयार करायची, एकत्रच बसवायची, आणि दोघांतलं अंतर केसभर बदललं की कुरबुर सुरू. एक चाक संथ फिरत असलं तरी दुसरं किंचित मागं राहतं, मग झेप घेऊन गाठतं. दर दाताला हेच. कारखान्यात त्याला ट्रान्समिशन एरर म्हणत. डोळ्याला ही चूक दिसत नाही, कानाला ऐकू येते. रोपवेच्या यंत्रातही अशीच एक जोडी होती, आणि वस्तीभर घुमणारा सूर म्हणजे तिचीच चूक होती.

नवरा घरी आला तेव्हा तिनं त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, दादांनी तेल बदललं, नवीन तेल मधासारखं घट्ट आहे. लोकांच्या तक्रारींनी दादा वैतागले होते, तेल विकणाऱ्यानं हा उपाय सुचवला, लागू पडला.

"लागू नाही पडला," ती म्हणाली. "तोंडात बोळा बसला."

जेवताना तिनं दादांपाशी विषय काढला. ही जोडी गेल्या वर्षी तिच्याच विभागातून तपासून आली होती आणि बसवताना ती स्वतः हजर होती, म्हणून दादा तिचं ऐकून घेत. आधी म्हणाले, सगळं ठीक चाललंय तर उगाच कशाला उकरून काढायचं. मग ताटावर बोट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, रविवारी सकाळी गर्दी नसते, तेव्हा बंद ठेवू, काय ते बघून घे आणि मला झोप लागू दे.

वरच्या स्थानकातली बांधणी जुन्या लोकांची होती. क्राउन आणि त्यावरचं दोराचं मोठं चाक खोलीच्या आतल्या अंगाला, थेट डोंगराच्या खडकावर उभं होतं. मोटर आणि पिनियन बाहेरच्या अंगाला, दरीकडच्या काँक्रीटच्या ओट्यावर. मधे दोघांवर मिळून पत्र्याचं झाकण आणि खाली तेलाची परात. रविवारी तिघांनी मिळून झाकण उतरवलं, तेल काढलं, दात पुसून कोरडे केले. धाकटीनं क्राउनच्या काही दातांना खुणेचा पिवळा रंग पातळ हातानं लावला. दादा आणि नवरा यांनी लांब दांडा लावून चाक हातानं फिरवलं, आणि दाताला दात जिथं टेकला तिथला रंग निघून खालचं लोखंड उघडं पडलं.

गेल्या वर्षी असाच रंग लावला होता तेव्हा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या बाजूला, अंगठ्याच्या ठशासारखा गोलसर डाग उमटला होता. तसाच हवा. वजन आलं की तो डाग पसरतो आणि अख्ख्या दातावर भार वाटला जातो. आज मधला भाग पिवळाच्या पिवळा होता. डाग होता दाताच्या बाहेरच्या टोकाला, ज्याला कारखान्यात टाच म्हणत. कापून टाकलेल्या नखासारखा बारीक, पार कडेवर.

"म्हणजे काय?" नवऱ्यानं विचारलं.

ती म्हणाली, सगळं ओझं तळहातावर घ्यायचं सोडून करंगळीच्या नखावर घेतल्यासारखं आहे हे. किती दिवस पेलेल सांगता येत नाही.

त्यांनी एकेक करून सगळं तपासलं. बेअरिंग घट्ट होती. बोल्ट घट्ट होते, त्यांच्यावर मारलेली रंगाची रेघही जागची हललेली नव्हती. दातांची झीज म्हणावी तर ती ठसा असा अख्खाच्या अख्खा उचलून दुसरीकडे नेत नाही. कारण सापडेना, तेव्हा तिनं निदान दुखणं तरी घालवलं. पिनियनच्या बैठकीखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या, पुन्हा रंग लावला, पुन्हा फिरवलं. काही खटाटोपानंतर ठसा मधोमध आला. जुनं, नेहमीचं तेल भरलं. दुपारी रोपवे सुरू झाला तेव्हा यंत्रखोलीतून झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढाच आवाज येत होता. दादांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि त्या दिवशी सगळे पोटभर जेवले.

पुढच्या रविवारी तपासायचं काही ठरलेलं नव्हतं. पण आठवडाभर कारखान्यात दुसऱ्यांच्या जोड्या फिरवताना तिच्या डोळ्यांपुढे ते नखासारखं लोखंड येत राहिलं. रविवारी सकाळी तिनं नवऱ्याला उठवलं आणि रंगाची डबी घेऊन ती यंत्रखोलीत गेली.

ठसा मधोमध नव्हता. टाचेकडे अर्धी वाट चालून गेला होता.

नवरा म्हणाला, पट्ट्या नीट बसल्या नसतील, पुन्हा बसवू. तिनं बैठकीवर तळहात टेकवला. एकेक गोष्ट ती पुन्हा मोजू लागली. बेअरिंग हललं नाही, बोल्ट हलले नाहीत, पट्ट्या तिनं स्वतःच्या हातानं दाबून बसवल्या होत्या. पिनियन ओट्यावर घट्ट होतं आणि क्राउन खडकावर. दोघं आपापल्या जागी गच्च असूनही दोघांतलं अंतर वाढत होतं. मनात आलेला विचार तिनं दोनदा झटकून टाकला. तो पुन्हा आला.

दादांना बोलावून तिनं ठसा दाखवला. "गिअर जागेवर आहे, दादा," ती म्हणाली. "त्याच्या खालचं जागेवर नाही."

दादा वाद घालतील असं तिला वाटलं होतं. पण ते वळले आणि तिला दरीकडच्या सामानाच्या खोलीशी घेऊन गेले. दाराची खालची कड तासलेली होती. एका जागी लाकूड जुनं, काळपट, आणि त्याच्यावर ताजा, पांढरा रंध्याचा घाव.

"पावसाळ्यात दार लागेना तेव्हा तासलं," ते म्हणाले. "लाकूड फुगतं, म्हटलं. मग परवा पुन्हा तासलं. उन्हाळ्यात लाकूड फुगत नाही, हे मलाही कळत होतं गं. पण दार लागत नव्हतं ना."

मग त्यांनी घरामागची भिंतही दाखवली. तिच्यावरची चीर त्यांनीच सिमेंटनं बुजवली होती, आणि बुजवलेल्या सिमेंटच्या मधून केसासारखी नवी चीर गेली होती. सासूबाई आतून विचारत होत्या की दोघं भिंतीशी काय कुजबुजताय, चहा निवतोय. दादांनी तोंडावर बोट ठेवलं. सोमवारी सकाळी त्यांनी रोपवे सुरूच केला नाही.

वस्तीत बोंब झाली. वस्तीतून खाली उतरायला दुसरी वाट म्हणजे दगडी जिना, नाहीतर डोंगराला वळसा घालून जाणारा कच्चा रस्ता. दवाखाना खाली, शाळा खाली, बाजार खाली. लोक घरासमोर येऊन दादांना नाही नाही ते बोलून गेले. शिंपी तेवढा हसत होता. धाकटी समोरून गेली की म्हणायचा, ही बघा, दात रंगवून डोंगराचं भविष्य सांगणारी. माझेही रंगवून बघ बाई, दोनच उरलेत, लवकर उरकेल.

पालिकेचे मुख्य अधिकारी आले, मागोमाग मोजणीवाले आले. मोजणीवाली बाई शहाणी आणि सरळ होती. तिनं उतारावर जागोजागी लोखंडी खिळे ठोकले, दुर्बिणीतून आकडे घेतले, आठवड्यानं येऊन पुन्हा घेतले. फरक दिसला नाही. धाकटीनं तिला ठसा दाखवला तेव्हा तिनं वाकून तो नीट पाहिला, बोटानं चाचपला.

"तुमचे दात केसाच्याही अंशात बोलतात," ती म्हणाली. "माझ्या दुर्बिणीला एवढं दिसायला काही महिने जावे लागतील. डोंगर हलत नाही, असं मी म्हणणार नाही. हलतोय असं लिहूनही देता येणार नाही."

महिने थांबायची कोणाची तयारी नव्हती. रोपवे सुरू करा, नाहीतर दुसरा प्रमुख पाठवतो, असा निरोप आला. नवऱ्याला वाटलं दादा राजीनामा देतील. दादा म्हणाले, दुसरा कोणी येऊन झाकण बंद करून टाकेल, त्यापेक्षा मी बरा. मग त्यांनी धाकटीला विचारलं, रोपवे हळू चालवला, पाळण्यात निम्मी माणसं घेतली, ठसा दर दोन दिवसांनी जागेवर आणला, तर किती दिवस निभेल? तिला माहीत नव्हतं. तिनं तसंच सांगितलं.

"मग तेवढ्यात वस्ती उतरवू," दादा म्हणाले.

ते आरडाओरडा करत फिरले नाहीत. संध्याकाळी एकेका घरी जाऊन बसायचे, पाणी प्यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि उठताना म्हणायचे, चार महिने खाली पाहुण्यांकडे काढा, माझ्यासाठी. सुरुवात घरापासून केली. सासूबाईंनी कपाटाशिवाय हलणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा दादांनी कपाट पाळण्यात घातलं. ते बसेना, म्हणून त्याचे पाय कापले. खाली नदीपलीकडच्या चढावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. लंगडं कपाट तिथं भिंतीला टेकवून ठेवलं. सासूबाई दारात बसून कितीतरी वेळ डोंगराकडे बघत राहिल्या आणि मग पाठ फिरवून आत गेल्या.

काही घरं उतरली. काहींनी दादांना चहा पाजून वाटेला लावलं. धाकटीनं कारखान्यातून रजा काढली होती. दर दोन दिवसांनी ती पट्ट्या वाढवायची, आणि ठसा दर दोन दिवसांनी टाचेकडे निघालेला असायचा. आधी त्याला दोन दिवस लागत. मग एका दिवसात तो तिथं पोचू लागला. एका सकाळी तिनं तेलात बोटं बुडवली तर चिमटीत लोखंडाचा बारीक कण आला. तिनं तो रुमालात पुसला. रुमाल नवऱ्याला दाखवला.

बाजाराच्या दिवशी उन्हं वर आली असताना तो ठोका ऐकू आला. सूर नव्हे, ठोका. चाकाच्या एका फेऱ्याला एकदा, लाकडी दारावर बोटाचं पेर मारावं तसा. नवरा पॅनेलसमोर होता. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. बाहेर दोरावर पाळणे होते, त्यांत माणसं होती, पिशव्या होत्या, मांडीवरची पोरं होती. चालू ठेवलं तर सगळे काही वेळात पोचले असते. थांबवलं तर दरीवर लटकले असते.

"दात मुळाशी चिरला आहे," ती म्हणाली. "तुटून मधे अडकला तर मोटर ओट्यासकट उपटेल. थांबव."

त्यानं थांबवलं. दादा धावत आले, त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि डिझेलच्या इंजिनाकडे गेले. संकटासाठी ठेवलेलं हे इंजिन मोठ्या चाकाला थेट फिरवायचं, गिअरला वगळून. पण मुंगीच्या चालीनं. एकेक पाळणा आत यायला केवढा वेळ लागला. वारा सुटला होता, पाळणे झुलत होते, आणि दरीवरून एक बाई सारखी कोणाचं तरी नाव घेऊन हाका मारत होती. शेवटच्या पाळण्यातून उतरलेल्या म्हाताऱ्यानं दादांच्या तोंडावर थुंकून विचारलं, तुला माणसं मारायचीत का? दादांनी बाहीनं तोंड पुसलं आणि त्याला हात देऊन पायरी उतरवलं.

झाकण काढल्यावर चिरलेला दात सुटून हातात आला. आता मात्र मुख्य अधिकाऱ्यांनी तो तुटका दात हातात घेऊन पाहिला आणि वस्ती रिकामी करायला लावली. लोक जिन्यानं उतरले, गाद्या डोक्यावर घेऊन, शिव्या देत. शिंपीही उतरला. शिवणयंत्र दोघा हमालांच्या पाठीवर आणि स्वतः मागं रिकाम्या हातानं, जणू वरातीतला नवरदेव.

आणि मग काहीच झालं नाही.

आठवडे गेले. डोंगर उभा होता, त्याच्यावर ऊन पडत होतं, रिकाम्या घरांवर पाखरं बसत होती. खाली नातेवाइकांची घरं अपुरी पडू लागली. भांडणं होऊ लागली. बाजारात लोक धाकटीकडे बघून दात विचकून दाखवायचे. मोजणीवाल्या बाईंच्या दुर्बिणीला अखेर बारीकसा फरक दिसला, पण तो कागदावरून कागदावर फिरत होता. तेवढ्यात एक घर परत वर गेलं, मग दुसरं. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर असताना पुतण्याच्या ओसरीवर मशीन मांडायला जागा नाही, म्हणून शिंपीही गेला.

धाकटी आणि दादा दर रविवारी जिना चढून यंत्रखोलीत जायचे. दात तुटल्यापासून जोडी हातानंही फिरवता येत नव्हती, त्यामुळे ठसा घेता येत नव्हता. ती दोन दातांमधल्या फटीत पातळ पोलादी पात्या घालून अंतर मोजायची. एक पाती बसायची, पुढच्या वेळी दोन. मग तिच्याकडच्या सगळ्या पात्या एकत्र केल्या तरी ढिल्या पडू लागल्या. त्या रविवारी तिनं वाकून पाहिलं तर पिनियन आणि क्राउन यांच्या मधून पलीकडच्या खिडकीतला उजेड दिसत होता. दात दातांना सोडून गेले होते.

दादा तिच्या खांद्यावरून बघत होते. "आता कशानं मोजायचं?" त्यांनी विचारलं.

"आता मोजायची गरज नाही," ती म्हणाली.

उतरताना दादा शिंप्याच्या खिडकीशी थांबले. धाकटीला पुढं जायला सांगितलं. जिन्याच्या वळणावरून तिनं पाहिलं, तर शिंपी मान हलवून हसत होता आणि दादा खिडकीच्या गजांना धरून उभे होते. घरी आल्यावर दादा म्हणाले, उद्या पुन्हा जातो, त्याचं मशीन पाठीवर घेऊन मीच उतरतो, मग तो मागनं येईलच.

सोमवारी धाकटी रजा संपवून कामावर गेली होती. तपासणीच्या मशीनवर एक जोडी फिरत होती आणि पडद्यावर तिच्या चुकीची रेघ उमटत होती: बारीक, सारखी, प्रत्येक दातागणिक एक लाट. ती रेघ बघत असतानाच एकाएकी ताडकन उसळली, पडद्याबाहेर गेली, थरथरत खाली आली. जोडीत काही दोष नव्हता. धाकटी उठली. पायाखालची फरशी गुरगुरत होती. बाकीचे काय झालं म्हणून एकमेकांकडे बघत होते. ती दाराबाहेर पोचली होती.

नदीपलीकडे डोंगराच्या जागी धूळ होती. धूळ वर चढत गेली, आणि मग तिच्यातून डोंगर दिसला, पण त्याचा खांदा नव्हता. स्थानक नव्हतं, कर्मचाऱ्यांची घरं नव्हती. रोपवेचा दोर खालच्या खांबावरून सैल सुटून बाजारातल्या छपरांवर पडला होता.

नंतर कळलं ते असं. दादा सकाळीच वर गेले होते. जमिनीतून आवाज आला तेव्हा ते वस्तीच्या वरच्या टोकाला होते, परत आलेल्या घरांपाशी. त्यांनी दारं ठोठावून माणसं बाहेर काढली, खडकाच्या बाजूला पळवली. ती वाचली. त्यांतली एक बाई सांगायची की दादांनाही आम्ही ओढत होतो, पण ते म्हणाले, शिंप्याला मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नसेल, आणि उताराकडे धावले. दोघं तिसऱ्या दिवशी सापडले. शिंप्याच्या गळ्यात टेप होती. दादांचा हात त्याच्या दंडाला धरलेला होता, सोडवताना लोकांना कष्ट पडले.

चौकशी झाली. मोजणीवाल्या बाईनं धाकटीचं नाव घेऊन सगळं सांगितलं. ज्यांचं काही गेलं नव्हतं ते धाकटीला शाबासकी द्यायला आले. ज्यांची घरं गेली त्यांतले काही आजही रस्ता बदलतात. हिनं दात रंगवले आणि डोंगर खाली बोलावला, असं त्यांच्यातली एक म्हातारी उघड म्हणते. धाकटी चालत राहते. ती कारखान्यात जाते, जोड्या फिरवते. नवऱ्याला पालिकेच्या पाण्याच्या पंपावर काम मिळालं. पंप थांबला की त्याचा हात आपोआप छातीशी जातो.

सासूबाई दादांबद्दल बोलत नव्हत्या. चार घास जेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. दिवसकार्य उरकून बरेच दिवस झाल्यावर, एका दुपारी, धाकटी धुतलेले कपडे घड्या करत बसली असताना त्या उठून बसल्या. या दोन खोल्याही चढावरच होत्या. मागच्या खिडकीतून मातीचा उतार आणि त्यावरची आणखी घरं दिसायची.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "इथली जमीन बघितलीस का गं?"

धाकटीनं हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. इथं तिच्याकडे बघायला काही नव्हतं. खडकावर उभं एक चाक नव्हतं आणि ओट्यावर उभं दुसरं नव्हतं. नुसती फरशी होती, आणि फरशीखाली काय चाललंय ते फरशी सांगत नाही.

"बघितली, आई," ती म्हणाली. "घट्ट आहे."

सासूबाईंनी मान डोलावली, आडव्या झाल्या आणि थोड्या वेळानं त्यांना झोप लागली. धाकटी घड्या घालत राहिली.